नातवाचा संगणक आणि आपला जमाखर्च

गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांच्या घरोघरी एक नवाच वाद उद्भवला आहे. चिरंजीव किंवा नातू म्हणतो की, संगणक जुना झाला, नवे खेळ त्यावर चालत नाहीत. वडील म्हणतात की, खेळासाठी एक पैसाही मिळणार नाही. काही दिवस अबोल्यात जातात आणि अखेर मुलाचे तोंड बंद करण्यासाठी हप्त्याने लाखभर रुपयांचा नवा संगणक घरात येतो. माझ्या मते हे दोन्ही निर्णय व्यापाऱ्यास न शोभणारे आहेत. एकात माल न पाहता नकार आहे, दुसऱ्यात माल न पाहता खरेदी आहे. दुकानात बसून आपण कधी असे वागत नाही. मग घरात का वागावे?

बेळगावातील आमच्या घरी २०१८ साली एक संगणक जुळवून घेतला होता. त्यात एएमडी कंपनीचा रायझन ३ १२०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर, बी३५० जातीचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय हे चार जीबी स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड होते. त्या काळी हा बेताच्या किमतीतला चांगला माल होता. २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाने तक्रार मांडली. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मुलाने, ती ऐकूनही घेतली नाही. तेव्हा नातू माझ्याकडे आला आणि म्हणाला, “आजोबा, अभ्यासासाठी नवा संगणक हवा आहे.”

ते खोटे होते, हे मला कळले आणि वाईट वाटले. खेळाचे नाव काढताच नकार मिळतो, हे ज्या घरात मुलास ठाऊक असते, तेथे तो अभ्यासाचे नाव पुढे करावयास शिकतो. हिशेबात खोटी नोंद करण्याचा हा पहिला धडा आपणच त्यास देत असतो. मी त्यास म्हटले, “खेळासाठी हवा असेल तर खेळासाठी म्हण. २५,००० रुपये देतो. परंतु प्रथम कोठे अडते ते मोजून दाखव, आणि प्रत्येक रुपया वहीत लिही.”

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. संगणकाची गती त्याच्या सर्वांत मंद भागाने ठरते. गोदामाचा दरवाजा अरुंद असेल तर हमाल वाढवून काय उपयोग? मुले मित्राने जे घेतले तेच मागतात. परंतु मित्राच्या संगणकात जो भाग दुबळा होता, तोच आपल्याही संगणकात दुबळा असेल असे नाही. हे पाहण्यास खर्च येत नाही. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून खेळ चालू ठेवावा. ग्राफिक्स कार्ड शंभर टक्क्यांच्या आसपास राबत असेल आणि प्रोसेसरला उसंत असेल, तर कार्ड अपुरे आहे. उलट कार्ड निम्मे रिकामे आणि प्रोसेसर घामाघूम असेल, तर नवे कार्ड म्हणजे निव्वळ नासाडी होय.

आमच्या नातवास प्रोसेसर हवा होता. आकडे मात्र निराळेच बोलले. कार्ड पूर्ण राबत होते, ८ जीबी स्मृती भरून वाहत होती आणि प्रत्येक वेळी खेळ उघडताना हार्ड डिस्क धापा टाकीत होती. प्रोसेसर थकला होता, पण अडला नव्हता.

खरेदीपूर्वी त्याने फुकटचे उपाय केले. वीज बंद करून कॅबिनेटमधील सहा वर्षांची धूळ काढली. उष्णता वाढली की हे भाग आपणहून गती कमी करतात. खेळाच्या मांडणीत सावल्यांचा दर्जा उतरवला. एएमडीने २०२१ साली आणलेली एफएसआर नावाची युक्ती, जी चित्र लहान आकारात तयार करून मोठे करते आणि दुसऱ्या कंपनीच्या कार्डावरही चालते, तीही वापरून पाहिली. एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटली.

मग खरेदी झाली. ५०० जीबीची एसएसडी ३,२०० रुपये. जुन्या हार्ड डिस्कचे वाचन सेकंदास शंभर-दीडशे एमबी, तर साध्या साटा एसएसडीचे सुमारे पाचशे. शिवाय विखुरलेल्या लहान फायलींत हा फरक कित्येक पटींनी वाढतो. पहिल्या रॅमच्या जोडीस तशीच आणखी ८ जीबी, १,७०० रुपये. दोन पट्ट्या असल्या की स्मृतीस दोन मार्ग मिळतात, हा लाभ एकाच मोठ्या पट्टीने होत नाही. वापरलेले आरएक्स ६६०० कार्ड, १४,५०० रुपये. आणि नवा एसएमपीएस, ३,८०० रुपये.

या शेवटच्या नोंदीवरून आमचे बरेच बोलणे झाले. नातू म्हणाला, “आजोबा, जुना चालतो आहे की! त्या पैशांत आणखी काही येईल.” दुकानदारानेही वायर जोडून काम भागेल असे सांगितले. परंतु १०५० टीआय कार्ड मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्ये भागवीत असे. आरएक्स ६६०० ची भूक १३२ वॅटपर्यंत जाते आणि त्यास वेगळी जोडणी लागते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर हा भार टाकणे मला पसंत नव्हते. त्यास कारण आहे. २०१४ साली आमच्या दुकानातील असाच एक स्वस्त एसएमपीएस जळाला आणि जाताना हार्ड डिस्क सोबत घेऊन गेला. त्या वर्षाची खतावणी आम्हांस कागदी बिलांवरून पुन्हा उभी करावी लागली. दीड महिना रात्री जागून काढल्या. काटकसर कोठे करू नये, हे त्या रात्रींनी शिकविले.

वापरलेल्या मालाविषयीही दोन शब्द. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या खाणकामास जुंपलेली कार्डे बाजारात लोटली. यास्तव जुने कार्ड घेताना अर्धा तास समोर खेळ चालवून पाहावा, पंख्याचा आवाज ऐकावा, उष्णतेचा आकडा पाहावा आणि मूळ बिलावरील क्रमांक कार्डावरील क्रमांकाशी ताडून घ्यावा. लॅमिंग्टन रस्ता असो वा बंगळुरूचा एस. पी. रस्ता, बिलाविना मिळणारी सवलत ही सवलत नव्हे. ती हमीची किंमत आहे. याहून महाग कार्ड घेण्याचा मोहही आम्ही टाळला, कारण आमचा पडदा सेकंदास ६० वेळाच चित्र बदलतो. त्यापुढची चित्रे विकत घेऊन दाखवणार कोठे?

एकूण खर्च २३,२०० रुपये झाला. जुने कार्ड ५,००० रुपयांस विकले. शिल्लक ६,८०० रुपये वहीत जमा राहिले.

काही दिवसांनी नातवाने पुन्हा मोजले, तेव्हा नवे कार्ड अर्धवट रिकामे आणि प्रोसेसर पूर्ण राबत असल्याचे दिसले. एक जागा मोकळी केली की अडचण पुढच्या जागी सरकते. परंतु त्याने घाई केली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि रायझन १००० मालिकेतील प्रोसेसर विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत नाहीत. तेव्हा खेळ आणि सुरक्षितता या दोन्ही कारणांनी त्याने उरलेल्या रकमेत स्वतःच्या साठवणीची भर घालून सहा गाभ्यांचा रायझन ५ ५६०० घेतला. मदरबोर्ड तोच राहिला; आधी बायॉस मात्र अद्ययावत करावे लागले, आणि ते काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच उरकावे लागते, हे त्याने मला समजावून सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्मृतीचे भाव एकदम चढले. आमची पट्टी जुन्या भावात घरात होती.

प्रत्येक संगणकास हे भाग्य लाभत नाही. एएमडीच्या एएम४ खाचेस २०१६ पासून दीर्घ आयुष्य मिळाले. इंटेलचे २०१८ च्या सुमाराचे सर्वसाधारण बोर्ड मात्र नवव्या पिढीपुढचा प्रोसेसर स्वीकारीत नाहीत. जेव्हा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम ही तिन्ही एकदम बदलावी लागतात, तेव्हा ती सुधारणा नव्हे, नवी खरेदी होय, आणि तिचा विचार तसाच करावा.

खेळात मुलांचा वेळ जातो, हा आक्षेप मी नाकारीत नाही. वेळेचा करार वेगळा करावा. आम्हीही केला आहे आणि तो कधी कधी मोडतोही. परंतु वेळेचा राग पैशावर काढू नये. सभासद बंधूंनी एवढेच करावे : मुलाने मागणी केली की रक्कम ठरवून द्यावी, वही द्यावी आणि आधी मोजमाप मागावे. आमच्या घरी ती वही आता माझ्या मुलाच्या गल्ल्याशेजारी असते. ज्याने तक्रार ऐकून घेतली नव्हती, तोच परवा दुकानाच्या संगणकासाठी एसएसडी किती जीबीची घ्यावी, हे नातवास विचारीत होता.