घाटाला नावं ठेवणं बंद करा

मंडळी, हंगाम सुरू झाला की दरवर्षी तेच ऐकतो. आंबा घाटात पिकअप उभी, बॉनेट वर, रेडिएटरमधून वाफ, आणि ड्रायव्हर दादा म्हणतो, "एप्रिल-मेचं ऊन, घाट, गाडी तापायचीच." आपण पण मान डोलावतो. मला हे अजिबात मान्य नाही. त्याच उन्हात, त्याच घाटातून एसटी रोज वर जाते की!

हिशोब बघा. आपण पूर्णगडवाले समुद्राकाठचे. घाटमाथा साधारण 2000 फुटांवर, आणि त्यातला खरा चढ साखरपा सोडल्यावर थोडक्या अंतरात आहे. डिझेलच्या उष्णतेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायला लागतो, तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि राहिलेला मुख्यतः कूलंटला बाहेर टाकावा लागतो. म्हणजे वजन वाढवलं की रेडिएटरचं काम त्याच प्रमाणात वाढलं. आता एका क्रेटमध्ये 20 किलो आंबा, क्रेटचे 2 किलो धरा. 60 क्रेट म्हणजे 1320 किलो. 90 भरले की 1980. आरसी बुकात रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं, वजाबाकी करायला कृषी पदवी लागत नाही.

पण 90 भरतो कोण? ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी हे विचारा. भाडं क्रेटवर ठरवतो आपण, त्यात पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आपण. मग तो थर वाढवणारच. वर दुपारी दोनला गाडी भरून "आत्ताच नीघ" असं सांगणारेही आपणच. मार्केटला लिलाव सकाळी. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर निघालं तर रात्री गार हवेत घाट चढून गाडी वेळेत पोचते. दुपारची घाई कशासाठी, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

दुसरा रोग थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. "वॉल काढला की पाणी मोकळं फिरतं, गाडी थंड राहते", हे प्रत्येक नाक्यावर ऐकायला मिळतं. सपाटीला रिकाम्या गाडीत खरं वाटेलही. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की तोच बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर ती वाट कायम उघडी. गरम पाण्यातलं बरंचसं रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं, आणि भर चढावर नेमकं तेच नडतं. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवीन बसवा. हेड गॅस्केटच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे.

तिसरं, पाणी. मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत? चहाला न चालणारं पाणी रेडिएटरला कसं चालतं? मिठाने ॲल्युमिनियम कुरतडलं जातं, आतल्या बारीक नळ्या चोंदतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, बास. कॅपचं रबर पण बघा. त्या कॅपच्या दाबामुळेच आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. रबर गेलं की दाब गेला.

चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवू नका. काळा धूर आला म्हणजे उशीर झालाच. एक गिअर खाली घ्या, आवाज वाढेल, वाढू दे. वॉटर पंप इंजिनबरोबर फिरतो, बऱ्याच गाड्यांत पंखाही. काटा चढायला लागला तर एसी बंद, हिटर फुल्ल, काचा खाली. घाम निघेल, पण हिटर हा छोटा रेडिएटरच आहे. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली की रुंद जागा बघून बंद करा. गरम असताना कॅप उघडायची नाही, इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जाईल. आणि चढलेला काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका. पाणीच सेन्सरच्या खाली गेलेलं असू शकतं.

कृषी सहायक आणि विद्यापीठाची मंडळीही हे वाचतात, त्यांनाही सांगतो. साक्याच्या भीतीने काढलेला आंबा उन्हात, तापल्या कातळावर ठेवू नका असं तुम्ही शिकवता, बरोबरच आहे. मग तोच आंबा ताडपत्रीखाली भर दुपारी घाटात दोन तास उभा राहतो, त्यावर तुमच्या प्रशिक्षणात एक तास का नाही? फवारणीच्या वेळापत्रकाइतकंच हेही आमच्या पैशाचं आहे.

सड्यावरच्या कलमांना टाकीने पाणी नेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनो, तुमचा चढ छोटा, पण खडा. वारा लागायला वेगही नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. जांभ्याची धूळ आणि गवताचं कुसळ रेडिएटरच्या जाळीत बसतं, ते इंजिनच्या बाजूने बाहेर हवा मारून काढा, पुढून मारलीत तर आणखी आत जाईल. पंख्याचा पट्टा बोटाने दाबून बघा. टाकी अर्धी भरून दोन फेऱ्या मारल्या तर डिझेल थोडं जास्त जाईल. जाऊ दे.

यंदा आमच्या बाजूला भाडं फेरीवर ठरवू, 60 क्रेट आणि सुटायची वेळ सहानंतर. कोण तयार आहे ते सांगा, गाडीवाल्याशी एकत्रच बोलू.