ग्रानाडात खायचे काय, फिरायचे कसे?



अलहम्राचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिलेले असते. आमच्या अम्मींच्या माहेरी, कोकणातल्या घरात, ओटीवर असेच एक कॅलेंडर होते. वर्ष उलटून गेले तरी ते पान कुणी काढले नव्हते. म्हणून स्पेनला जायचे ठरले तेव्हा अम्मींनी एकच अट घातली, "बाकी कुठे न्या, नका नेऊ, ते लाल किल्ल्याचे गाव मात्र दाखवा." त्या गावाचे नाव ग्रानाडा.

शेंगेन व्हिसा काढला, माद्रिदपर्यंत विमानाने गेलो आणि पुढे साधारण साडेतीन तास आगगाडीने. ऑक्टोबरचा मध्य होता. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. निघताना दोनच काळज्या होत्या. एक अम्मींच्या गुडघ्यांची, कारण ग्रानाडाची जुनी वस्ती डोंगरउतारावर आहे. दुसरी जेवणाची. गुडघ्यांची काळजी सहज मिटली. जेवणाच्या बाबतीत मात्र पहिल्याच रात्री चूक झाली, आणि ती आमचीच होती. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर ती पुन्हा होऊ नये, म्हणून या महिन्याचे हे पान.

न मागता आलेली बशी

स्पेनमध्ये 'तापा' म्हणजे खाण्याची छोटी बशी. इतर अनेक शहरांत ती विकत घ्यावी लागते. ग्रानाडात मात्र काहीही प्यायला मागवले की सोबत एक बशी फुकट येते. दारूच मागवायला हवी असे नाही. संत्र्याचा रस किंवा थंड पेय मागवले तरी चालते. कॉफीबरोबर सहसा मिळत नाही. दुसऱ्यांदा पेय मागवले की दुसरी, वेगळी बशी. तीन पेयांत माणसाचे जेवण होते. पण त्या बशीत काय असेल हे बहुतेक ठिकाणी आपण ठरवत नाही, स्वयंपाकघर ठरवते. आपल्यासाठी सगळी गोम इथेच आहे.

तिथल्या 'बार' या शब्दानेही दचकायला होते. पण तिथला बार म्हणजे गल्लीतले हॉटेलच. सकाळी लोक तिथे कॉफी आणि टोमॅटो लावलेला पाव खातात, संध्याकाळी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात. दारू मिळतेच, आणि छताला डुकराच्या मांड्या टांगलेल्या दिसतात. जिथे दारू दिली जाते तिथे बसायचेच नाही, असा ज्या घरांचा शिरस्ता आहे त्यांनी तो जरूर पाळावा. त्यांच्यासाठी दुसरी सोय आहे, ती पुढे सांगतो. आम्ही बाहेर चौकात मांडलेल्या टेबलावर बसलो.

रात्रीचे नऊ वाजले होते, मुले भुकेली होती. आम्ही फोनवर एक वाक्य शिकून गेलो होतो, 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको. ते म्हटले, बाईंनी हसून मान हलवली आणि बशा आल्या. बशीत हिरव्या शेंगांचे दाणे होते, आपल्या पावट्यासारखे. अम्मी खूश झाल्या, एक घास घेतला. तेवढ्यात धाकट्याने विचारले, "दादी, हे गुलाबी तुकडे कसले?"

ते हॅमचे तुकडे होते. बाकल्याचे दाणे आणि हॅम ही ग्रानाडाची नेहमीची भाजी आहे, हे आम्हाला नंतर कळले.

अम्मींनी घास कागदात काढला, चूळ भरली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आमची तर मान वर होईना. मग त्या म्हणाल्या, "नकळत झाले. अल्लाह नीयत पाहतो. पण तुम्ही नीट विचारले का नाही?"

खरे उत्तर लाजिरवाणे होते. फुकट आलेल्या बशीबद्दल अटी कशा घालायच्या, लोक काय म्हणतील, हेच मनात होते. रत्नागिरीत, पुण्यात आम्ही बिनदिक्कत गल्ल्यावर विचारतो, "भाई, हलाल है ना?" परदेशात पाऊल ठेवताच तोंडाला कुलूप लागले होते.

अम्मींच्या बटव्यातला कागद

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या निवासाच्या काउंटरवरच्या बाईंना सगळे सांगितले. त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, आमच्याकडे 'कार्ने' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मटणाचा मोठा तुकडा येतो; हॅमचे बारीक तुकडे कित्येकांना चवीपुरते वाटतात. म्हणून 'मांस नको' म्हणून भागत नाही, नाव घेऊन सांगायचे. त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार वाक्ये लिहून दिली. ती अशी वाचायची:

'नो कोमेमोस सेर्दो' – आम्ही डुकराचे मांस खात नाही.
'सिन हामोन, सिन कार्ने, सिन बिनो' – हॅम नको, मांस नको, वाईन नको.
'येवा हामोन?' – यात हॅम आहे का?
'सोलो पेस्कादो, बेर्दुरा ओ उएबो' – फक्त मासे, भाजी किंवा अंडे.

चौथे वाक्य सर्वांत उपयोगी, कारण साध्या बारमधली कोंबडी किंवा बोकडही हलाल नसतेच. काय नको याची यादी देण्यापेक्षा काय चालेल ते सांगितले की स्वयंपाकघरालाही सोपे जाते.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. 'मान्तेका' म्हणजे डुकराची चरबी आणि 'मान्तेकिया' म्हणजे लोणी. नावे सारखी, फरक मोठा. 'पोल्बोरोन' आणि 'मान्तेकादो' ही पिठूळ बिस्किटे बहुधा चरबीतच केलेली असतात, भेट म्हणून आणताना डब्यावरची माहिती वाचा. 'साल्मोरेखो' हे टोमॅटोचे थंड, दाट सार. ते चालेल असे वाटते, पण वर हॅमचा चुरा भुरभुरवतात. 'क्रोकेता' बाहेरून बटाटावड्यासारखा दिसतो, आत बऱ्याचदा हॅम असते. रश्श्यात वाईन असू शकते, म्हणून रस्सा असलेले पदार्थ विचारल्याशिवाय घेऊ नका. तळणीचे तेल सामाईक असू शकते, तेही विचारा. 'फ्रेइदुरिया' म्हणजे तळलेल्या माशांचे दुकान. मासेच तळणारे असे दुकान मिळाले तर ही काळजी कमी होते.

त्या संध्याकाळी काउंटरवर कागद धरला तो अम्मींनी. आतल्या माणसाने शांतपणे वाचला, मान डोलावली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून काहीतरी मोठ्याने सांगितले. आधी आल्या वांग्याच्या तळलेल्या कापा, त्यावर उसाच्या काकवीची धार. मग 'बोकेरोनेस', पिठात घोळवून तळलेले बोटभर मासे. अम्मी म्हणाल्या, "ही तर मांदेलीच!" फार चुकल्या नव्हत्या, दोन्ही मासे एकाच कुळातले. तिसरी बशी 'कासोन', म्हणजे मसाल्यात मुरवून तळलेली मुशी. तिच्या मुरवणात जिऱ्याचा वास येत होता. तिच्यात व्हिनेगर असते. त्याबद्दल शंका असेल तर निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

वांग्याला तिथे 'बेरेनहेना' म्हणतात, मूळ अरबी 'बादिंजान'. ऑलिव्हला 'आसेइतुना', म्हणजे अझ्-झैतून; सूरह अत-तीनमुळे हे नाव आपल्या मुलांनाही ठाऊक असते. साखर म्हणजे 'आसुकार', तांदूळ 'आरोस', केशर 'आसाफ्रान'. मुलांनी मेन्यूकार्डावर असे शब्द शोधण्याचा खेळच सुरू केला.

आता दुसरी सोय. प्लाझा नुएवा चौकाजवळ 'कालदेरेरिया नुएवा' नावाची चढाची अरुंद गल्ली आहे. तिथे मोरोक्कन पद्धतीची चहाघरे आहेत. पुदिन्याचा चहा, बदाम आणि मधाच्या मिठाया मिळतात. त्या भागात आणि शेजारच्या एल्विरा रस्त्यावर हलालची पाटी लावलेली खानावळीही आहेत. मात्र पाटी पाहून थांबू नका. मांस हलाल आहे का आणि दारू ठेवता का, हे दोन्ही विचारा. शिवाय कॅथेड्रलजवळच्या सान आगुस्तिन मंडईत फळे, ऑलिव्ह, चीज मिळते. एक दुपार आम्ही तेवढ्यावरच काढली आणि मजेत काढली.

नमाज आणि जेवणाची वेळ

तिथे दुपारचे जेवण दोन वाजल्याशिवाय रंगात येत नाही आणि रात्रीचे स्वयंपाकघर साडेआठच्या आधी क्वचितच पेटते. मुलांचे हाल होतील असे वाटले होते. पण ऑक्टोबरात जोहरची वेळ दोनच्या सुमारास होते आणि मगरिब साडेसातच्या सुमारास. जोहर पढून जेवण, मगरिबनंतर थोडे फिरून रात्रीच्या बशा, असा दिवस आपोआप बसला. मधल्या वेळेसाठी पिशवीत खजूर आणि पाव ठेवला की झाले.

चढ कसा चढायचा?

ग्रानाडा समजून घ्यायचे तर मधोमध प्लाझा नुएवा धरा. त्याच्या एका अंगाला अलहम्राची टेकडी, दुसऱ्या अंगाला अल्बाइसिन ही जुनी मुस्लिम वस्ती, आणि मधून दार्रो ही छोटी नदी. अल्बाइसिनमध्ये फोनवरचा नकाशा अंतर दाखवतो, पायऱ्या दाखवत नाही. पाच मिनिटे म्हणून निघावे तर शंभर पायऱ्या समोर. रस्ते गोट्यांचे, पावसात घसरतात. चांगल्या पकडीचे बूट हवेत, चपला नकोत.

ज्येष्ठांसाठी उत्तम साधन म्हणजे लाल रंगाच्या छोट्या बसगाड्या. अरुंद गल्ल्यांतून भिंतींना खेटून त्या अशा जातात की मुले श्वास रोखून बसली होती. सी-31 ही प्लाझा नुएवाहून अल्बाइसिनमध्ये वर जाते. सी-30 प्लाझा इसाबेल ला कातोलिकाहून अलहम्राला जाते. आमचा नियम साधा होता: वर जाताना बस, उतरताना पायी. वाट चुकलो तर उताराची गल्ली धरायची. बहुतेक गल्ल्या शेवटी दार्रोच्या काठी किंवा एल्विरा रस्त्यावर उतरतात. दार्रोच्या काठाचा रस्ता बराचसा सपाट आहे, अम्मी तिथे रोज चालल्या. त्याच रस्त्यावर 11व्या शतकातले हमाम आजही उभे आहे.

अलहम्राची तिकिटे घरूनच, बऱ्याच आधी काढा. आयत्या वेळी मिळतीलच असे नाही. तिकिटावर नाव असते, पासपोर्ट बरोबर ठेवा. आतल्या नासरी महालांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली तर प्रवेश मिळत नाही. तिकीट हातात असेल तर सी-30 मधून मुख्य तिकीटघराशी न उतरता 'पुएर्ता दे ला हुस्तिसिया', म्हणजे न्यायद्वार, या थांब्यावर उतरा. तिथून महाल जवळ पडतात. अम्मींचे निम्मे चालणे वाचले. आत तीन तास सहज जातात. भिंतींवर जागोजागी 'व ला गालिब इल्लल्लाह' कोरलेले आहे. नासरी सुलतानांचे ते ब्रीद. अम्मी प्रत्येक ठिकाणी थांबून वाचत होत्या आणि आम्ही घाई केली नाही.

सान निकोलासच्या ओट्यावर

अल्बाइसिनच्या माथ्यावर सान निकोलासचा चौक आहे. समोर अलहम्रा, मागे सिएरा नेवाडाचे डोंगर. त्या चौकाला लागूनच मशीद आहे, 2003 साली सुरू झालेली. असर तिथे पढून आम्ही तिच्या बागेत बसलो. थोरल्याने विचारले, "इथे इतके मुसलमान होते, मग गेले कुठे?"

त्याला सांगितले ते थोडक्यात असे. 2 जानेवारी 1492 रोजी सुलतान अबू अब्दुल्लाह याने शहर स्वाधीन केले. तुमचा दीन, तुमच्या मशिदी अबाधित राहतील, असा लेखी करार झाला होता. दहा वर्षांच्या आत तो मोडला आणि धर्म बदलण्याची सक्ती झाली. पुढे कोण डुक्कर खात नाही, कोण वाईन पीत नाही, यावर शेजारी नजर ठेवू लागले आणि इन्क्विझिशनच्या न्यायालयात तो पुरावा ठरू लागला. अखेर 1609 ते 1614 या काळात उरल्यासुरल्यांना देशाबाहेर काढले गेले.

अम्मी ऐकत होत्या. त्यांनी बटव्यातला कागद काढला, उलगडला आणि म्हणाल्या, "म्हणजे हेच सांगायला तेव्हा लोकांना भीती होती. आणि तुम्हाला नुसती लाज वाटली."

यावर आम्ही काय बोलणार? त्या रात्री कागद न दाखवता, पाठ केलेले वाक्य आम्ही स्वतः म्हटले. उच्चार चुकला असेल. बशी बरोबर आली.

निघताना काउंटरवरच्या बाईंना अम्मी म्हणाल्या, पुन्हा येऊ, इन्शाअल्लाह. बाई हसून म्हणाल्या, "ओहाला!" तसे घडो, अशा अर्थी स्पॅनिश माणसे हा शब्द रोज वापरतात. तोही अरबीतूनच आलेला, आणि त्यात अल्लाहचे नाव आहे.

वरची चार वाक्ये उतरवून घ्या, कागद पाकिटात ठेवा आणि विचारताना लाजू नका. पुढच्या अंकात भेटू, इन्शाअल्लाह.