घरच्या जीपमध्ये रोल केज बसवताय? आधी डोक्याचा विचार करा

मागच्या महिन्यात रात्री अडीच वाजता आमच्या दवाखान्याची बेल वाजली. दारात पस्तिशीचा एक तरुण उभा, दोन्ही डोळ्यांवर ओला रुमाल, आणि त्याला दंडाला धरून आणणारी त्याची बायको. "डॉक्टर, डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं होतंय. उघडताच येत नाहीत." दिवसभर काय केलं, असं विचारलं तेव्हा उत्तर आलं, "काही नाही हो, जुन्या जीपमध्ये रोल केज बसवतोय. वेल्डिंग मित्र करत होता. मी नुसता पाइप धरून उभा होतो."

हे नेहमीचंच. वेल्डिंग करणारा निदान काळी काच तोंडासमोर धरतो. पाइप धरणारा मात्र "मी कुठे बघतोय" म्हणून नुसतं तोंड फिरवतो. वेल्डिंगच्या ठिणगीतून निघणारे अतिनील किरण बाजूनेही डोळ्यांत जातात, भिंतीवरून आणि पत्र्यावरून परतूनही येतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा त्यांनी भाजतो. त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं झोपेच्या वेळी, दुखणं सुरू होतं. बहुतेकांचं ते एक-दोन दिवसांत बरं होतं. त्या काळात डोळे चोळू नका. डोळ्यांत दूध, बटाट्याचा रस, गुलाबपाणी असलं काही घालू नका. आणि मेडिकलमधून डोळा बधिर करणारे थेंब आणून घरी टाकत बसू नका. त्यांनी दुखणं थांबतं, पण जखम भरायला उशीर होतो. दोन दिवसांनीही दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जायलाच हवं.

त्याचे डोळे दोन दिवसांत बरे झाले. मला काळजी लागली ती वेगळीच. तपासणीला आला तेव्हा त्याने हौसेने मोबाइलवर केजचे फोटो दाखवले. काम नीटनेटकं होतं, रंगही छान दिला होता. त्यातल्या एका फोटोत त्याची आठ वर्षांची मुलगी मागच्या आडव्या बाकावर बसून हसत होती, आणि तिच्या कानशिलापासून वीतभर अंतरावर एक उघडा लोखंडी पाइप होता.

हा लेख त्या पाइपबद्दल आहे.

आधी केजच्या बाजूने बोलतो. कापडी छताची जीप किंवा जिप्सी उलटली तर माणूस आणि जमीन यांच्यामध्ये काहीच उरत नाही. छत दबून मान मोडलेले रुग्ण मी अपघात विभागात काम करताना पाहिले आहेत. नीट बनवलेली केज ही जागा दबू देत नाही. शर्यतीच्या गाड्यांत ती सक्तीची असते ते उगाच नाही. त्यामुळे "केज म्हणजे नुसता दिखावा" असं मी म्हणणार नाही.

पण शर्यतीच्या गाडीत केज एकटी नसते. चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं, खांद्यांवरून आणि कमरेवरून जाणारे हार्नेसचे पट्टे त्याला सीटला घट्ट बांधून ठेवतात, सीट डोक्याला दोन्ही बाजूंनी धरते, आणि डोकं लागू शकेल अशा प्रत्येक पाइपवर पॅडिंग असतं. आपण त्यातला फक्त पाइप उचलतो. हेल्मेट नाही, हार्नेस नाही, आणि डोक्याजवळ लोखंड. म्हणजे उलटल्यावर वाचवणारी वस्तू बसवताना, रोजच्या साध्या अपघातात मारणारी वस्तूही आपणच बसवतो. साधा सीटबेल्ट जोराच्या धडकेत थोडा ताणला जातो आणि डोकं बरंच पुढे, बाजूला जातं. कंपनीच्या गाडीत तिथे मोकळी जागा किंवा दबणारं अस्तर असतं. तुमच्या गाडीत तिथे पाइप असेल.

थोडं गणित करू, शाळेतलंच आहे. समजा डोकं ताशी २० किलोमीटर वेगाने पाइपवर आदळलं. हा वेग काही फार नाही, जोरात सायकल चालवली तरी गाठता येतो. लोखंड दबत नाही, दबते ती फक्त डोक्यावरची कातडी, समजा ५ मिलिमीटर. तेवढ्या अंतरात थांबताना डोक्याला बसणारा झटका सरासरी गुरुत्वाच्या सुमारे ३१५ पट येतो. तेच डोकं थांबायला २५ मिलिमीटर मिळाले तर तो सुमारे ६३ पटींवर येतो. वेग तोच, डोकं तेच, फरक दोन सेंटिमीटरचा. कवटीच्या आत मेंदू मोकळा तरंगत असतो. पहिल्या प्रसंगात कवटी फुटणं, आत रक्तस्राव होणं, हे सगळं शक्य आहे. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान नाजूक, त्यामुळे त्यांना धोका आणखी जास्त.

"मग पॅडिंग लावतो की," असं त्यानेही म्हटलं, आणि लावलेलं दाखवलं. एसीच्या कॉपर पाइपवर चढवतात तो काळा मऊ फोम. अंगठ्याने दाबला की आतला पाइप लागत होता! डोक्याच्या वेगापुढे असला फोम कागदासारखा आहे, शिवाय आग लागली तर पेटतो. शर्यतीच्या केजवरचं खरं पॅडिंग हाताला चांगलंच टणक लागतं, म्हणून पुष्कळांना ते चुकीचं वाटतं. आणि तेही हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी केलेलं असतं. उघड्या डोक्याला ते पुरेसं आहे असं समजू नका.

आता पाइपचं. मी इंजिनियर नाही, पण शर्यतीचे नियम वाचता येतात. आंतरराष्ट्रीय मोटर स्पर्धा चालवणाऱ्या फिया या संस्थेच्या नियमांत मुख्य कमानीसाठी कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलचा पाइप सांगितला आहे. बाहेरचा व्यास ४५ मिलिमीटर आणि जाडी २.५, किंवा व्यास ५० आणि जाडी २. कमानीचा पाय गाडीला जोडला जातो तिथे किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी हवी, म्हणजे भार पसरतो. आपल्याकडे काय होतं? खिडक्यांच्या ग्रिल आणि गेट बनवणारा ओळखीचा फॅब्रिकेटर "सी क्लासचा जाड पाइप टाकतो, साहेब" म्हणतो. नळाचा जीआय पाइप येतो, त्यात वाळू भरून, तापवून तो वाकवला जातो, आणि गंजलेल्या पत्र्याच्या तळावर थेट वेल्ड होतो. तो माणूस आपल्या कामात वाकबगार असतो, शंका नाही. पण ग्रिलवर कधी दीड टनाची गाडी आपटत नाही. वाकवताना आतल्या बाजूला सुरकुती पडलेला पाइप तिथेच दुमडतो, आणि पातळ पत्र्यावर टेकलेला पाय पत्रा फाडून खाली जातो. मग छत दबतंच, वर तुटलेल्या पाइपची टोकं आत येतात.

जीआय पाइपचा आणखी एक त्रास वेल्डिंग करणाऱ्यालाच होतो. त्यावरचा जस्ताचा थर जळून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, तोंडाला धातूची चव येते. लोक मलेरिया समजून रक्त तपासायला येतात. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. "आधी ग्लासभर दूध प्यायलं की लागत नाही" हे मी शंभरदा ऐकलंय. दूध पोटात जातं हो, धूर फुप्फुसात! उघड्यावर काम करणं, धूर तोंडासमोर न येऊ देणं आणि थर आधी घासून काढणं याला पर्याय नाही. घासतानाही मास्क हवाच. धाप लागली तर मात्र घरी थांबू नका.

काही जण हार्नेसही बसवतात, पण खांद्यांवरचे पट्टे मागे सरळ न नेता खाली तळाला बांधतात. धडकेत शरीर पुढे जायला लागलं की असे पट्टे खांदे खाली ओढतात आणि सगळा दाब मणक्यावर येतो. खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली जोडलेले हवेत. ते जमत नसेल तर कंपनीचा तीन बिंदूंचा बेल्टच बरा.

अजून एक सवय सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे गेलेली बोटं मी पाहिली आहेत. केज बाहेरून असली की शेजारी बसणारा तिला धरून बसतो. पावसाळ्यात घाटातल्या चिखलात गाडी उलटते ती बहुधा हळूच, एका कुशीवर. माणूस घाबरून पाइप आणखी घट्ट धरतो आणि पाइप व जमीन यांच्यामध्ये बोटं चिरडतात. हात आतच ठेवा. चालकानेही अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नयेत, चाक दगडाला लागून स्टिअरिंग झटक्यात फिरलं की अंगठा मोडतो. आणि उलटल्यावर लटकत असाल तर बेल्ट सोडण्याआधी एक हात छताला टेकून वजन पेला. नाहीतर पडाल ते थेट मानेवर. डोक्याला लागलेला माणूस नंतर वारंवार उलटी करू लागला, बडबडू लागला किंवा सारखा झोपेत जाऊ लागला, तर १०८ ला फोन करा, "थोडं झोपू दे त्याला" म्हणू नका.

कायद्याचंही एक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. दंड भरायची तयारी असते बऱ्याच जणांची. अपघातानंतर विमा कंपनीने हात वर केले तर काय, हे मात्र आधी विचारून ठेवा.

माझं मत सरळ आहे. गाडी फक्त डोंगरात आणि ट्रॅकवर जाणार असेल, आत बसणारा प्रत्येक जण हेल्मेट घालणार असेल, तर स्पर्धेच्या गाड्यांची केज बनवणाऱ्या माणसाकडून ती नियमाप्रमाणे बनवून घ्या. तीच गाडी सकाळी मुलांना शाळेत सोडणार असेल, तर आत डोक्याच्या उंचीवर पाइप नको. आणि ज्या आडव्या बाकाला बेल्टच नाही, त्यावर मुलांना बसवूच नका. एवढे पैसे खर्च करायचेच असतील तर आधी चांगले टायर, ब्रेक आणि प्रत्येक सीटला बेल्ट करा. डोंगरात जाताना साधं आयएसआयचं दुचाकीचं हेल्मेट घातलंत तरी ते उघड्या डोक्यापेक्षा खूप बरं.

हे सगळं मी त्याला त्या दिवशी सांगितलं. त्याला फारसं आवडलं नाही, दोन महिन्यांचे रविवार गेले होते त्यात. परवा बायकोचं बीपी दाखवायला आला तेव्हा म्हणाला, मागचा आडवा पाइप ग्राइंडरने कापून काढला आणि मुलीला आता पुढे तोंड असलेल्या बेल्टच्या सीटवर बसवतो. चालकाच्या डोक्यावरची कमान मात्र तशीच आहे. तिच्याबद्दल आमचं अजून बोलणं चालू आहे.