हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

घर पाहावे बांधून, असे आमच्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले, ते घर बांधणाऱ्याच्या दगदगीस उद्देशून. आजच्या मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीयास घर बांधावे लागत नाही. ते विकत घ्यावे लागते, आणि तेही पुष्कळदा उभे राहण्यापूर्वीच. कागदावरचा नकाशा पाहून तो पैसे मोजतो आणि पाया खणला जाण्यापूर्वी हप्ते भरू लागतो. या व्यवहारात तो स्वतःस गिऱ्हाईक समजतो. वस्तुतः तो सावकार असतो. मात्र हाती तारण नसलेला आणि व्याजाची अपेक्षा न करणारा सावकार! बांधकामाच्या धंद्यातील कर्जबाजारीपणाचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे.

कर्ज काढून धंदा करणे हे पाप नव्हे. इमारत उभी राहण्यास वर्षे लागतात, जमिनीसाठी आरंभीच मोठी रक्कम मोजावी लागते, आणि एवढे भांडवल पदरी असलेला बिल्डर विरळाच. पण कर्जाच्या अंगी तरफेचा गुण आहे. शाळकरी मुलास सुटेल असे एक उदाहरण घेऊ. शंभर कोटींच्या प्रकल्पात बिल्डरने स्वतःचे १० कोटी घातले आणि ९० कोटी उसने आणले. भाव १० टक्क्यांनी चढले तर, व्याज क्षणभर बाजूस ठेवता, त्याच्या १० कोटींचे २० कोटी होतात. तेवढेच उतरले तर त्याचे भांडवल शून्यावर येते. आणि त्याहूनही उतरले तर? पुढचा तोटा त्याचा राहत नाही. तो पैसे देणाऱ्यांचा होतो. कारण प्रकल्पासाठी पुष्कळदा निराळी कंपनी काढलेली असते, आणि भागधारकांची जबाबदारी कायद्यानेच मर्यादित केलेली असते. नफ्यास सीमा नाही, तोट्यास मात्र आहे, अशी ज्याची स्थिती, त्याने जपून का वागावे?

त्यात व्याज कधी झोपत नाही. १५ टक्के दराने घेतलेले कर्ज फेडले नाही तर पाच वर्षांत दुप्पट होते. मंजुरी रखडली किंवा मागणी मंदावली की बिल्डर एका इमारतीच्या गिऱ्हाइकांचे पैसे दुसऱ्या जमिनीच्या कर्जाकडे वळवू लागतो, आणि दुसरीच्या गिऱ्हाइकांचे पैसे तिसरीकडे. घरे रिकामी पडूनही भाव का उतरत नाहीत, हे कोडे येथेच उलगडते. न विकलेल्या सदनिका हेच कर्जाचे तारण असते. चार सदनिका स्वस्तात दिल्या तर उरलेल्या साऱ्यांचे मोल खाली येते आणि वित्तसंस्था जादा तारण मागू लागते. म्हणून बिल्डर मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, स्वयंपाकघर सजवून देतो. पण भाव उतरवीत नाही.

हा केवळ तर्क नव्हे. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही बलाढ्य वित्तसंस्था देणी चुकती करू शकली नाही. तेव्हा अल्प मुदतीने पैसा उचलून बिल्डरांना तो दीर्घ मुदतीने देणाऱ्या अनेक संस्थांचे झरे एकदम आटले आणि ठिकठिकाणची बांधकामे थबकली. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर २०१९ रोजी, रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. त्या बँकेच्या कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के कर्जे एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती, आणि ती लपविण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखविल्याचा आरोप झाला. ठेवीदारांना आरंभी काढता आले ते अवघे एक हजार रुपये. या ठेवीदारांनी घर घेतले नव्हते, की भाववाढीचा एक रुपयाही त्यांच्या पदरी पडणार नव्हता. तरीही तरफ मोडली तेव्हा भार त्यांच्या अंगावर आला. २०२२ च्या जानेवारीत ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पण पाच लाखांहून मोठ्या ठेवी ठेवणाऱ्यांच्या वाट्यास वर्षानुवर्षांचे हप्ते आले. त्याच समूहातील एका कंपनीकडे गोरेगावच्या पत्राचाळीचा पुनर्विकास २००८ पासून होता. तेथील ६७२ कुटुंबे घरे खाली करून बसली, आणि २०१८ मध्ये म्हाडास तो करारच मोडावा लागला.

कायदा अगदीच निद्रिस्त होता असे नाही. करार झालेली सदनिका ग्राहकाच्या संमतीवाचून गहाण टाकू नये, हे महाराष्ट्राच्या कायद्याने १९६३ मध्येच सांगितले. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ग्राहकास वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती ग्राह्य ठरविली. हे सारे स्वागतार्ह आहे. तथापि त्या ७० टक्क्यांत बांधकामाबरोबर जमिनीचा खर्चही धरला जातो. म्हणजे जमिनीच्या कर्जाचा भार पुन्हा गिऱ्हाइकाच्याच खांद्यावर. आणि धनकोचा दर्जा मिळाला तरी तारण हाती असलेली बँक ती बँक, आणि पावत्यांची चळत घेऊन बसलेला गृहस्थ तो गृहस्थच.

याहून चमत्कारिक प्रकार ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ या योजनांचा. कर्ज ग्राहकाच्या नावे, पैसा बिल्डरच्या हाती, आणि व्याज भरण्याचे वचन तेवढे बिल्डरचे! बिल्डरचे हात वर झाले की बँक ग्राहकाच्या दारी उभी. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना २०१९ मध्ये या योजनांपासून दूर राहण्यास सांगितले, आणि दिल्लीच्या परिसरातील अशा व्यवहारांत बिल्डर व वित्तसंस्था यांचे साटेलोटे होते काय, याची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविली. ग्राहक लुबाडला गेल्यावर चौकशी होते. परंतु भाडे आणि हप्ता असा दुहेरी भार वाहण्यात गेलेली वर्षे त्यास कोण परत देणार?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जमीन बिल्डरने स्वतःच्या भांडवलातून वा स्वतःच्या जोखमीच्या कर्जातून घ्यावी. ग्राहकाचा पैसा केवळ त्याच्या इमारतीच्या विटा-सिमेंटास लागावा. बांधकामाचा टप्पा न पाहता ज्या बँकेने सारे कर्ज बिल्डरच्या हवाली केले, तिने ताबा मिळेपर्यंत ग्राहकाकडे हप्ता मागू नये. डोळे मिटण्याची किंमत ज्याने डोळे मिटले त्याने द्यावी. आणि केवळ एका प्रकल्पावरील बोजा सांगून न थांबता त्या समूहाच्या एकंदर कर्जाचा आकडा बांधकामाच्या जागी, सुबोध मराठीत, फलकावर लावण्याची सक्ती असावी. पुनर्विकासास निघालेल्या सोसायट्यांनी तर हा आकडा पाहिल्यावाचून जागा खाली करूच नये. नव्या घरात किती चौरस फूट जास्त मिळणार, याची चर्चा सभांतून तासन्‌तास रंगते. भाडे देणारा हात किती कर्जात बुडाला आहे, हे कोणी विचारत नाही.

अशाने घरे महागतील, बांधकामे मंदावतील, अशी हाकाटी होईल. काही बांधकामे मंदावतीलही. पण अर्धवट उभ्या सांगाड्यापेक्षा उशिरा उभी राहिलेली इमारत बरी. धाडस हा धंद्याचा प्राण आहे, हे आम्हांस मान्य आहे. ज्यास ते करावयाचे असेल त्याने खुशाल करावे. मात्र तुळशीपत्र ठेवावयाचे ते स्वतःच्या घरावर.