आजी पोलंडची, नात व्हिएतनामची!

घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, असं तुमच्यापैकी कितीतरी जणांचं असेल. पोलंडची राजधानी वॉर्सा. तिथल्या व्हिएतनामी मुलांचंही तसंच आहे बरं का!

१९५०च्या दशकापासून व्हिएतनामी विद्यार्थी पोलंडला शिकायला जात. १९८९ नंतर आले ते व्यापारी. एका जुन्या स्टेडियमवर मोठा बाजार भरे, तिथे ते कपडे विकत. आईबाबा पहाटेपासून बाजारात, मग मुलांना सांभाळणार कोण? पुष्कळ घरांनी एखाद्या पोलिश बाईंना कामावर ठेवलं. मुलं त्यांना ‘बाब्चा’ म्हणू लागली. बाब्चा म्हणजे आजी! पोलिश बोलणं, सणवार, खाणंपिणं, सगळं या आजीकडून.

गंमत पाहा, हीच मुलं जरा मोठी झाली की आईबाबांची दुभाषी होतात. दवाखान्यात, कचेरीत, अगदी स्वतःच्या पालकसभेतसुद्धा! १२ मे २०२४ रोजी ‘मारिविल्स्का ४४’ हा सुमारे १,४०० दुकानांचा बाजार जळाला. कितीतरी व्हिएतनामी कुटुंबांची कमाई त्यात गेली.

आता सांगा, वॉर्सातच जन्मलेल्या मुलीला चेहरा पाहून कुणी विचारलं, “तू मूळची कुठली गं?” तर तिनं काय सांगावं?

तुमच्या वर्गात आहे का कुणी असं, वेगळी भाषा बोलणारं? उद्या त्याच्या शेजारी बसून डबा खा पाहू!