उजळणी



फराळाच्या ताटाशेजारी हल्ली मोबाइल टेकवून ठेवलेला असतो. आमचा दहावीतला भाचा भूमितीचे व्हिडिओ दीडपट वेगाने पाहतो. त्याची बहीण इतिहासाचा धडा कानात लावून रांगोळीचे ठिपके मांडते. टोकलं, की उत्तर तयार: "मामा, मी व्हिज्युअल आहे, ती ऑडिओवाली!"

पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून शिकणारे, अशी ही विभागणी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी रूढ केली. ऑनलाइन शिकवण्यांना ती सोयीचीच. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा माल. ज्याला जे आवडतं ते तो उघडतो, हे खरंच. पण आवडीच्या रीतीने शिकवलं तर जास्त समजतं का? २००८मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं. या समजुतीला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही.

भूमितीला आकृती लागते, कानाने शिकणाऱ्यालाही. कवितेची चाल ऐकावीच लागते. रीत विषयावरून ठरते, साधनं त्यामागून येतात. 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक मंचावर धडा उघडा की यूट्यूबवर, पुढचं काम आपलंच.

ते काम कोणतं, हे मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात दिसलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवणारे पुढे गेले. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

आम्ही भाच्याला मोबाइल पालथा ठेवून व्हिडिओतलं प्रमेय मांडायला सांगितलं. तिसऱ्या ओळीला गाडी अडली. दीडपट वेग तिथे कामाला आला नाही.

जुन्या शाळेत पावकी-निमकीचे पाढे घोकताना जाच होता, छडीही होती. तो काळ परत नको. पण पाटी पुसून आठवायची सवय त्याच काळातली. तिला मराठीने नाव दिलं 'उजळणी'. दिवाळीच्या अंकाला याहून साजेसा शब्द कोणता?

यंदाचा अंक शिकण्याविषयी आहे. एखादा लेख वाचून झाला, की अंक मिटा आणि आठवेल तेवढं घरात कुणाला तरी सांगा. अडलात, तर पान पुन्हा उघडा.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

– संपादक