खरेदी यंत्राची, जबाबदारी कोणाची?

देवळाली कॅम्प हे गाव खरेदीवर वाढले. 1861 च्या सुमारास इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली आणि त्या छावणीला लागणारे धान्य, दूध, भाजीपाला, गवत, सरपण पुरवण्याच्या उदीमातून तिच्या कडेने बाजार उभा राहिला. आज येथे तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, त्या बोर्डाचे रुग्णालय व शाळा आहेत. शेजारी नाशिक रोडला सरकारी छापखाने आहेत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे लहान कारखानदार आहेत. अशा परिसरात खरेदी विभागातील खुर्चीवर कोण बसतो आणि कोणत्या नियमाने निर्णय घेतो, हा लोकांच्या पोटाचा प्रश्न असतो. त्या खुर्चीवर आता यंत्र येऊन बसू लागले आहे. समाजवादी चळवळीने या बदलाचा विचार वेळीच करावयास हवा.

सरकारी खरेदीत या बदलाची सुरुवात ऑगस्ट 2016 मध्ये 'गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस' म्हणजेच 'जेम' या संगणकीय बाजारपेठेने झाली. पुढच्याच वर्षी केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांनी तेथे उपलब्ध असलेला माल तेथूनच घेणे खात्यांवर बंधनकारक केले आणि 31 ऑक्टोबर 2017 रोजी केंद्र सरकारचे जुने पुरवठा महासंचालनालय बंद झाले. 2024-25 या वर्षात या बाजारपेठेवर 5 लाख कोटी रुपयांहून अधिक मूल्याचे व्यवहार झाले. जुन्या व्यवस्थेबद्दल हळहळ वाटण्याचे मात्र कारण नाही. निविदा सूचना आडबाजूच्या वर्तमानपत्रात छापणे, निविदेच्या अटी एकाच ठेकेदाराच्या मापाने बेतणे, ठेकेदारांनी आपापसांत दर ठरवून घेणे आणि टक्केवारीवाचून बिल पुढे न सरकणे, हे सारे ज्यांनी भोगले ते लहान पुरवठादारच होते. त्या अंधारात थोडा उजेड पडला असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु आता पुढचा टप्पा आला आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. खरेदी विभागात दोन वेगळ्या प्रकारची यंत्रव्यवस्था एकत्र आणली जात आहे. पहिली म्हणजे साधे स्वयंचलन. खरेदी आदेश, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल ही तीन कागदपत्रे ताडून पाहावयाची; आकडे जुळले तर बिल पुढे पाठवावयाचे, न जुळल्यास थांबवावयाचे. हे यंत्र ठरवून दिलेला नियम पाळते, त्याच्या पलीकडे जात नाही. दुसरी म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. ती मागील व्यवहारांच्या नोंदींवरून स्वतःच अनुमान बांधते: पुढील महिन्यात कोणता माल किती लागेल, कोणत्या पुरवठादाराचा भरवसा धरावा, कोणाकडून दर आणखी खाली आणता येईल. या दोहोंची जोड बसली की अनुमानही यंत्राचे आणि अंमलबजावणीही यंत्राची. मधला माणूस केवळ सहीपुरता उरतो आणि कालांतराने तीही सही आपोआप होते.

खरेदी कारकुनाचा निर्णय पक्षपाती असू शकत होता, पण त्याला त्याचा जाब विचारता येत होता. फाईलवर टिपण असे, टिपणाखाली सही असे आणि माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यानंतर ती फाईल सामान्य नागरिकालाही मागता येऊ लागली. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाने तर प्रशासकीय निर्णयाची कारणे संबंधितांना देणे हे सार्वजनिक संस्थेचे कर्तव्य ठरवले आहे. यंत्राने एखाद्या पुरवठादाराला खालचा गुण दिला तर त्याचे टिपण कोठे शोधावयाचे? समजा, अंबडच्या एका लहान कारखान्याने गेल्या वर्षी दोनदा माल उशिरा पोहोचवला, कारण आधीच्या मालाचे पैसे न मिळाल्याने त्याच्यापाशी कच्चा माल घेण्यास भांडवल नव्हते. यंत्राच्या नोंदीत उशीर तेवढा राहील. त्याचे कारण, म्हणजे खरेदीदाराचीच थकबाकी, त्या रकान्यात बसणार नाही. पुढच्या वेळी त्या कारखान्याकडे विचारणाच जाणार नाही आणि आपल्याला का वगळले हे त्याला कळणारही नाही. जुन्या अन्यायाला यंत्राच्या गणिताची प्रतिष्ठा मिळते, ती अशी.

काटकसर कोणाच्या खिशातून होते, हेही पाहिले पाहिजे. वॉलमार्ट या जगातील सर्वांत मोठ्या किरकोळ व्यापारी कंपनीने 2021 मध्ये कॅनडातील 89 पुरवठादारांशी वाटाघाटी करण्याचे काम संगणकावर सोपवून पाहिले. त्यांपैकी 64 टक्के पुरवठादारांशी करार झाले. कंपनीला खर्चात सरासरी दीड टक्क्याची बचत झाली आणि पैसे चुकते करण्याची मुदत सरासरी 35 दिवसांपर्यंत वाढवून मिळाली. कंपनीच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी झाला. पण पुरवठादाराच्या बाजूने हिशेब मांडून पाहावा. शंभर रुपयांच्या मालामागे ज्याला सहा रुपये सुटतात, त्याचा दीड रुपया म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा होय. आणि मुदत वाढवून देणे म्हणजे बलाढ्य खरेदीदाराला बिनव्याजी कर्ज देणे होय. यंत्राने येथे नवी संपत्ती कितपत निर्माण केली हा प्रश्नच आहे. दुबळ्या बाजूकडून सबळ बाजूकडे पैसा मात्र त्याने अधिक सफाईने वळवला. आपल्याकडच्या वाहन उद्योगाच्या साखळीत याच मार्गाने वाटाघाटी होऊ लागल्या, तर तिच्या तळाशी असलेल्या कारखानदाराला मान हलवण्यापलीकडे काय करता येईल? आणि तो ही घट अखेर आपल्या कामगारांच्या मजुरीतूनच भरून काढील.

या यंत्रयुगाची खरी परीक्षा बिल चुकते करण्याच्या टप्प्यावर होते. सूक्ष्म व लघुउद्योगांविषयीच्या 2006 च्या कायद्याने 45 दिवसांची कमाल मुदत घातली आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देण्याचे बंधन घातले. 2020 मध्ये केंद्राच्या वित्त मंत्रालयाने 'जेम'वरील विलंबासाठी दरमहा 1 टक्का दंडव्याजही ठरवले. 1 एप्रिल 2024 पासून तर मुदतीत न चुकवलेली अशी बिले आयकरासाठी त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाहीत. त्यावर काही खरेदीदार नोंदणीकृत लघुउद्योगांकडून माल घेणेच टाळू लागल्याच्या तक्रारी उद्योजकांच्या संघटनांनी केल्या. कायदा इतका स्पष्ट असताना लहान पुरवठादार व्याज मागावयास का धजत नाही? कारण मागणी केली की पुढचे काम हातचे जाते. जे यंत्र तीन कागदपत्रे क्षणात ताडून पाहते, त्याला सेहेचाळिसाव्या दिवशी व्याजाची आकारणी करून ती रक्कम पुरवठादाराच्या खात्यात जमा करण्याची आज्ञा देणे अवघड नाही. ती आज्ञा दिली जात नाही, कारण यंत्र विकत घेणारा आणि पैसे थकवणारा एकच असतो. आखडत्या हातासाठी यंत्र आणि देत्या हातासाठी जुनी दिरंगाई, अशी ही वाटणी आहे.

खरेदी व लेखा विभागातील कर्मचाऱ्यांचा प्रश्नही चळवळीला नवा नाही. 1960 च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याच्या योजनेविरुद्ध कर्मचाऱ्यांनी, विशेषतः कलकत्त्यात, मोठा लढा दिला. त्यानंतरच्या वादातून प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारची स्वयंचलनविषयक समिती नेमली गेली आणि 1972 मध्ये तिचा अहवाल आला. 1983 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँक व्यवस्थापनांशी करार करून यंत्रांचा वापर कोठे आणि किती व्हावा याच्या मर्यादा ठरवून घेतल्या. त्या मर्यादा काळाच्या ओघात गळून पडल्या, पण यंत्र आणण्यापूर्वी कामगारांशी बोलले पाहिजे हे तत्त्व त्या करारांनी मान्य करून घेतले होते. आज खरेदी विभागात नोंदी करणारी बरीचशी मुले-मुली कंत्राटी आहेत, त्यांना संघटना नाही आणि यंत्र आले की त्यांना नोटीस देण्याचीही गरज भासत नाही. ज्यांच्या हाताने भरलेल्या नोंदींवर यंत्र शिकले, त्यांनाच ते प्रथम घरी पाठवते.

म्हणून यंत्रांना सरसकट विरोध करण्यापेक्षा पक्षाने चार मागण्या नेटाने मांडल्या पाहिजेत. पहिली, सार्वजनिक पैशाच्या खरेदीत पुरवठादाराला गुण देण्याचे वा त्याला वगळण्याचे निकष प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि वगळल्याचे कारण त्याला त्याच्या भाषेत, लेखी मिळाले पाहिजे. दुसरी, प्रत्येक निर्णयामागे नाव आणि हुद्दा असलेला अधिकारी उत्तरदायी राहिला पाहिजे. 'संगणकाने नाकारले' हे उत्तर कायद्याने अग्राह्य ठरावे. तिसरी, जेथे खरेदी आदेश यंत्राने निघतो, तेथे बिल आणि विलंबाचे व्याजही यंत्रानेच आपोआप निघाले पाहिजे. चौथी, अशी व्यवस्था आणण्यापूर्वी कायम व कंत्राटी अशा दोन्ही कर्मचाऱ्यांशी करार झाला पाहिजे आणि त्यात नव्या कामाच्या प्रशिक्षणाची व रोजगाराची हमी असली पाहिजे.

केंद्राच्या धोरणानुसार सरकारी खात्यांनी व सार्वजनिक उपक्रमांनी 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून, त्यातील 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि 3 टक्के महिला उद्योजकांकडून करावयाची आहे. यातील 4 टक्क्यांचे लक्ष्य वर्षानुवर्षे दूरच राहिले आहे. स्वस्त दर शोधून काढणाऱ्या यंत्राला हे लक्ष्य पाळण्यासही शिकवता येते. फक्त तशी इच्छा असावी लागते आणि ती इच्छा संघटित दडपणाखेरीज उत्पन्न होत नाही. नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी याची सुरुवात देवळालीपासून करावी. कॅन्टोन्मेंट बोर्डाने गेल्या तीन वर्षांत कोणाकडून काय घेतले, किती बिले 45 दिवसांच्या पुढे गेली आणि किती व्याज दिले, एवढी माहिती माहिती अधिकारात मागावी. लॅम रोडवरच्या व्यापाऱ्याला आणि अंबडच्या कारखानदाराला ती वाचून दाखवावी. यंत्राला प्रश्न विचारता येतो आणि त्यामागच्या माणसाला उत्तर द्यावे लागते, एवढा विश्वास या पुरवठादारांत निर्माण झाला, तरी पुढच्या लढ्याचा पाया पक्का होईल.